कागदाला भार कळत नाही

रुवीत, शिवणयंत्रांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांना गुलाबी फोमवर उभं करते.
सावकाश. एक पाऊल. आता सगळं वजन सोडा.
वजन सोडा म्हटलं की माणसं श्वास धरतात,
अकरा वर्षं बघते आहे.

फोम आत जातो, कुरडई मोडल्यासारखा आवाज करत.
पाऊल सरळ वर उचलायचं. मागे उरतं ते माझं :
टाच, कमान, चवडा, पाच खळगे.
त्यात प्लास्टर, प्लास्टरचा साचा,
साच्यावर तापवून बसवलेला बुचाचा थर.
बुटात घातला की कुणाला दिसतही नाही.

इस्माईल परकार मॉलच्या दारात उभा असतो,
बारा तास, संगमरवरावर.
त्याच्या टाचा पेटीच्या तळाला टेकल्या होत्या.
पैसे तीन हप्त्यांत दिले. तिसऱ्याबरोबर
खिशातून एक घडी काढली,
कॅलेंडरचं पान, जुलैचं, पाठकोऱ्या बाजूला
निळ्या बॉलपेनानं काढलेली दोन पावलं.
बाणकोटहून. अब्बांची. बहिणीनं रेघ ओढलेली.
करंगळीपाशी पेन घसरलं होतं,
गुदगुल्या झाल्या असणार.

आमच्याकडेही असंच. चप्पल आणायची
तर दोऱ्याचं माप, नाहीतर कागद.
पण हे चपलेचं काम नाही, मी म्हणाले.
कागद लांबी सांगतो, रुंदी सांगतो.
माणूस नेमका कुठे टेकतो, ते त्याला कळत नाही.

तो पानाकडे बघत राहिला.
"मग पेटी द्या."

सुट्टीला जाताना पेटी हातातल्या बॅगेत, दोन टॉवेलांत.
विमानतळावर उघडायला लावली. आत काय?
"काही नाही," तो म्हणाला. "अजून काही नाही."

येताना पुन्हा उघडायला लावली.
"पाय आहेत. बापाचे."
तो अधिकारी वाकला, बघितलं,
आणि झाकण स्वतःच्या हातानं लावून दिलं.

मी उघडली तेव्हा टाचांची जागा जवळजवळ कोरी.
सगळा भार पुढे, चवड्यावर,
बोटं खोल, वाकलेली, काहीतरी पकडून ठेवल्यासारखी.
नीट उभे नव्हते का? कुणी हात धरला होता?
"तांडेल होते," इस्माईल म्हणाला.
"चाळीस वर्षं पाण्यावर. बोटं अजून फळी सोडत नाहीत.
ओटीवर बसले तरी."

मग, जाता जाता, दारातून :
तेरा-चौदाचे असताना इथवर आले होते ते,
गलबतातून, कौलं घेऊन.
बाकीचे खलाशी उतरले. पोराला ठेवलं राखणीला.
चार दिवस मत्राहच्या समोर, नांगरावर,
किल्ला बघत, वरखाली होत.
जमिनीला पाय लागला नाही.

उजव्या अंगठ्याच्या खळग्यात भाताचं तूस होतं.
चिमट्यानं काढलं. टाकावंसं वाटलं नाही,
पण कुठे ठेवणार? टाकलं.
मग प्लास्टर ओतलं.

काम झालं की पेटी फेकायची असते.
त्यानं मागून नेली, पांढरी पडलेली,
शुक्रवारी सकाळी, पिशवीत घालून, मत्राहची टॅक्सी पकडून.
तिथे काय केलं ते मी विचारलं नाही.
शनिवारी तो दारात उभा होता, नेहमीसारखा.
बुटाच्या शिवणीत वाळू होती थोडी.

महिन्यानं बाणकोटहून निरोप आला :
टाचेखाली कुणी बसलंय असं वाटतं. काढून टाकू का?

मी इस्माईलला सांगितलं, त्यांना सांग,
पहिल्या दिवशी एक तास.
दुसऱ्या दिवशी दोन.
दुखलं तर काढायचं.
मग परत घालायचं.